त्यागाला ऑडिट लागत नाही का?

बस. पाणी पी. आणि माझं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नकोस. तुझं मी तीन वर्षं ऐकून घेतलंय.

अनुदान गेलं. ठीक आहे, अनुदानं जातात. पण ते का गेलं म्हणून तू गावभर जे सांगत फिरतोयस, ते खोटं आहे. ‘वशिला लागतो.’ ‘मुंबई-पुण्याच्या इंग्रजी बोलणाऱ्यांनाच मिळतं.’ ‘आम्हा खेड्यातल्यांना कोण विचारतंय?’ तुला विचारलं होतं रे. लेखी विचारलं होतं. तीन कागद मागितले होते. दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांची आजची नोंद आणि कार्यकारिणीचा ठराव. मुदत २१ दिवसांची. शिफारस माझी. आणि बाविसाव्या दिवशी तू काय पाठवलंस? मुलांच्या नाचाचा व्हिडिओ.

तुझ्या पोरांना नाचता येतं. अंगण वाकडं आहे ते तुझं.

विश्वस्तांची नोंद म्हणे ‘प्रोसेसमध्ये’ आहे. कसली प्रोसेस? तुमचे अध्यक्ष वारले त्याला चार वर्षं झाली. दहाव्याला तू होतास, मी होते, कावळा शिवायला वेळ लागला म्हणून उन्हात ताटकळलोही. पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, त्या शेड्यूल वनवर, ते अजून ठणठणीत आहेत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा सांगतो. कायदा १९५० चा. तुझा बाप तेव्हा जन्माला आला नव्हता. म्हणजे नियम अचानक आला, असं म्हणायचीही सोय नाही. चार वर्षांत तुला एक दिवस सापडला नाही? उद्या कुणी विचारलं, ही संस्था चालवतं कोण, तर काय सांगशील? एक दिवंगत आणि एक निवांत?

वेळ नव्हता, हो ना? कामात होतास. गेल्या वर्षी तीन पुरस्कार घेतलेस. तिन्ही ठिकाणी जातीने हजर. एकदा नाशिक, एकदा पुणे, एकदा सोलापूर. शाल घ्यायला तीन जिल्हे फिरलास आणि सीएचं ऑफिस तालुक्याच्या स्टँडसमोर आहे, तिथे जायला पाय दुखले. रात्री अकराला तुझे स्टेटस पडतात, मी बघते. ‘वंचितांच्या डोळ्यांतलं स्वप्न.’ स्वप्न राहू दे. गेल्या हंगामाची व्हाउचरं कुठे आहेत? बिस्किटाच्या डब्यात. बरोबर ना?

आता तुझं लाडकं वाक्य. ‘बाई, आमचं कामच बोलतं.’ कुणाशी बोलतं? जो तुझ्या केंद्रात येऊन मांडी घालून बसतो, त्याच्याशी. मुंबईत अर्जांच्या ढिगापुढे बसलेल्या माणसापर्यंत तुझं काम चालत जात नाही. तिथे कागद जातो. तो कागद तू लिहीत नाहीस आणि काम मुकं राहिलं की जगाला बहिरं म्हणतोस.

दुसरं वाक्य त्याहून गोड. ‘आम्ही कागदांसाठी नाही, माणसांसाठी काम करतो.’ टाळ्या पडतात या वाक्याला. तुझ्या आळसाने त्यागाची गोधडी पांघरलीय आणि वर तिला तत्त्व म्हणायचं! अरे, हजेरीचा कागद म्हणजे काय? त्यावर मुलांची नावं असतात. व्हाउचर म्हणजे काय? स्वयंपाकाच्या मावशींना ठरलेले पैसे पुरते मिळाले, याचा त्यांच्या अंगठ्याचा पुरावा. गरिबाच्या नावाने आणलेला पैसा गरिबापर्यंत पोचला, हे सांगणारं दुसरं काय आहे तुझ्याकडे? तुझा शब्द? तो मला पुरतो, कारण मी तुला आठवीपासून ओळखते. तुला न ओळखणाऱ्याने का म्हणून विश्वास ठेवायचा?

तू चोर नाहीस. दुखतं ते हेच. चोराचे कागद चोख असतात.

कागद राहिला तर काय बिघडतं, विचारतोस? ऐक. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या बीडमधून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने. सातारा, सांगली, कोल्हापूर, खाली बेळगाव, परत यायला मार्च-एप्रिल. पोर गावात ठेवायचं तर त्याला दोन वेळची भाकर लागते आणि रात्री कुणाची तरी नजर. तेवढ्यासाठी तुझं केंद्र आहे. ३२ मुलं होती. यंदा दिवाळीनंतर दार उघडलं नाहीस. कुठे आहेत ती आज? काही आजीपाशी अर्धपोटी. बाकीची फडात. ती सहावीतली, अपूर्णांक तोंडी सोडवणारी, ती आता कोपीत धाकट्या भावाला सांभाळते आणि आई येईपर्यंत चूल पेटवून ठेवते. कागद तुझा राहिला, शाळा तिची सुटली. आता म्हण परत, कागद वेगळे आणि माणसं वेगळी.

खाली बघू नकोस. अजून संपलं नाही.

अंदाजपत्रक काढ ते. पाच लाख. कशाचे? मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? ‘ते जास्तीत जास्त पाच देतात असं कळलं.’ हे अंदाजपत्रक आहे की हुंड्याची बोलणी? ३२ मुलं. पाच महिने. दिवसाला दोन जेवणं. ज्वारी किती, डाळ किती, तेल किती? गॅस की सरपण? मावशी किती, त्यांना काय देणार? खोकल्या-तापाचं औषध? वीजबिल? चौथीच्या पोरालाही जमेल इतका हा हिशेब आहे आणि तू माझ्या वर्गात गणितात पहिला यायचास. खरा आकडा साडेचार निघेल, नाहीतर साडेसहा. जो निघेल तो छाती पुढे काढून माग. त्यांच्या खिशाचा अंदाज घेऊन स्वतःची गरज शिवतात, त्यांना संस्था म्हणत नाहीत.

आणि तळाशी मोठ्या अभिमानाने लिहिलंयस, ‘व्यवस्थापन खर्च शून्य’. शून्य? मग हिशेब कोण ठेवणार, भूत? शून्य म्हणजे कुणाच्या तरी पोटाला चिमटा. तुझी बायको फुकट राबते, केंद्रात तुला मदत करणारा तो पोरगा पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालतो आणि त्याचं श्रेय ‘शून्य’ म्हणून तू घेतोस. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले या मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो कशासाठी? पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. कार्यकर्त्यालाही चूल असते, हे त्या नटांना कळलं. तुला कळत नाही?

वर म्हणतोस, कंपन्यांच्या पैशात प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर धरताच येत नाही. कुणी सांगितलं? व्हॉट्सॲपने. नियम वाच. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने सीएसआरच्या, म्हणजे तिच्या समाजकामाच्या, कारभारावर स्वतः करायच्या खर्चाला आहे. मुलांना जेवू घालणाऱ्या मावशीचं मानधन हा तर प्रकल्पाचाच खर्च. पण नियम वाचायला बूड टेकावं लागतं. रडायला उभ्या उभ्याही जमतं.

‘पैसाच नाही बाई बाजारात.’ नाही कसा? कंपनी कायदा २०१३ चा. त्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एक जरी कंपनीला लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के तिने समाजकामावर खर्च करायचे आहेत. तिला द्यायचंय. तुला घेता येतं का, हा प्रश्न आहे. आयकर खात्याचं १२-ए लागतं, देणगीदाराला करसवलत देणारं ८०-जी लागतं, तीन वर्षांचं काम लागतं आणि २०२१ पासून सीएसआर-१ची नोंदणी लागते. यातलं सगळ्यात अवघड काय? तीन वर्षांचं काम. ते तुझ्याकडे दहा वर्षांचं आहे. जे घाम गाळून मिळतं ते कमावलंस आणि जे फॉर्म भरून मिळतं तिथे अडलास. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते तुझंच.

८०-जी आता पाच वर्षांपुरतं असतं. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. तुझी तारीख कोणती? नाही ना माहीत? मोबाइलचा रिचार्ज कधी संपतो ते माहीत आहे. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे भरायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २०० रुपयांत तुझ्या केंद्रातल्या किती पोरांचं एक वेळचं जेवण होतं? तूच काढ. तेवढी ताटं तू रोज उपडी करतोस.

नियम जाचक आहेत का? आहेत. मी आंधळी नाही. परदेशी पैसा मोठ्या संस्थांकडून झिरपत छोट्यांपर्यंत यायचा, ती वाट परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. स्वतः परवाना काढायचा तर मागच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. तुझ्याएवढ्या संस्थेने ते आणायचे कुठून? देणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. लाखभर रुपये देतात आणि फोटो मागतात दहा लाखांचे. पाटी लावायला पैसे असतात, मावशीच्या पगाराला नसतात. त्यांची कानउघाडणी मी त्यांच्या दारात जाऊन करते, केलीही आहे. पण आज समोर तू बसलायस. आणि मला सांग, तुझ्या डब्यातली व्हाउचरं कोणत्या सरकारने विस्कटली? नियमांचं गाऱ्हाणं मांडायचा हक्क ज्याचं दप्तर पुरं आहे त्याला. आधी ते पुरं कर, मग मंत्रालयापर्यंत मी तुझ्या पुढे चालते.

आणि हे सगळं राहू दे. गावातून किती आणलेस? ‘गावातले देत नाहीत.’ मागितलेस? आडत्याकडे गेलास, खत दुकानदाराकडे गेलास, शिक्षकांच्या पतपेढीत गेलास? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या बोर्डिंगसाठी मुष्टिफंड उभा केला. बायाबापड्या दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर पोरं शिकायची. त्या बायका तुझ्या गावातल्या लोकांपेक्षा श्रीमंत होत्या का? महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, हिंगण्याहून फर्ग्युसनपर्यंत पायी जात राहिले, दारोदार वर्गणी मागितली आणि पै-पैचा हिशेब ठेवला. ते गणिताचे प्राध्यापक होते. गणित आणि सेवा यांचं वैर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं? मागायची लाज वाटते म्हणून तू मागत नाहीस. त्याला स्वाभिमान म्हणू नकोस. पोरांसाठी हात पसरायला लागतो तो खरा स्वाभिमान, आणि ज्याला विचारताक्षणी हिशेब दाखवता येतो त्याचा हात पसरतानाही कापत नाही.

आता काय करायचं ते ऐक, आणि वहीत लिहून घे. मोबाइलमध्ये नको, तिथे तू बऱ्याच गोष्टी पुरल्या आहेस. उद्या सकाळी अध्यक्षांच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला. उशीर झालाय, तेव्हा उशीर माफ करायचा अर्ज जोडून चेंज रिपोर्ट. परवा सीए. डबा आहे तसा उचलून ने, रागावतील, ऐकून घे. इतिवृत्ताचं पुस्तक आणि नंबरवार पावती पुस्तक. मग ८०-जीची तारीख बघ आणि कपाटाच्या दारावर खडूने लिही. आणि महिन्याचा एक दिवस दप्तराचा. त्या दिवशी शाल नाही, स्टेटस नाही, ‘फिल्ड’ नाही. यंदाचा हंगाम गेला. तो तुला कुणी परत देणार नाही, त्या पोरीलाही नाही. पण पुढच्या दिवाळीला टोळी निघेल तेव्हा तुझ्या केंद्राचं दार उघडं पाहिजे आणि कोठीत ज्वारी पाहिजे. त्याला अजून नऊ महिने आहेत. तुझ्या हिशेबाने भरपूर, माझ्या हिशेबाने कमी.

जमणार नाही, असं मला सांगू नकोस. आठवीत भर वर्गात मी फळ्यावर व्याजाचं गणित चुकले होते. साठ पोरं गप्प बसली. तू उठलास आणि म्हणालास, ‘बाई, तिसऱ्या ओळीत हातचा राहिला.’ आवाज कापत होता, पण बोट नेमकं होतं. एक हातचा राहिलेला ज्याला सहन झाला नाही, त्याने चार वर्षं मेलेला माणूस कागदावर जिवंत कसा ठेवला?

उद्या येताना त्या पेट्रोलवाल्या पोराला घेऊन ये. आणि सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स.