दृष्टांतांची पारख

(वाचनासाठी शास्त्रभाग : लूक १६:१९-३१, योहानाचे पहिले पत्र ४:१-६)



गेल्या पावसाळ्यात आमच्या फेरीतील एका गावी आम्ही प्रभुभोजनाच्या विधीसाठी गेलो होतो. मंडळी लहान, वीस-बावीस घरांची. विधीस आरंभ करिताना आमच्या ध्यानात आले की, नेहमी अगदी पुढे बसणारी एक वृद्ध विधवा भगिनी आज जागेवर नाही. चौकशी करिता कळले की, दोन महिने झाले, तिने उपासनेस येणे सोडले आहे. उपासना आटोपल्यावर आम्ही गावच्या उपदेशकास बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी बसली होती. आम्हांस पाहून उठली, घोंगडी अंथरली. परंतु तोंड वर करीना.

"मावशी, आज प्रभूच्या मेजावर तुमची जागा रिकामी राहिली," असे आम्ही म्हणालो.

ती म्हणाली, "पाळकसाहेब, आता येऊन काय करू? माझा लेक नरकात आहे. तो तिथे जळत असता मी एकटीने स्वर्गाची वाट कशाला धरावी?"

हकीकत अशी होती. तिचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडून मरण पावला. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. पण पुढे तो दारूच्या नादी लागून मंडळीपासून दूर गेला होता. अलीकडे तालुक्याच्या गावी एका सभेत बाहेरून आलेल्या एका मनुष्याने सांगितले की, आपण तापात तीन तास मेलो होतो, तेवढ्यात देवदूताने आपल्यास स्वर्ग व नरक दाखविला. ज्यांना आपल्या मृतांची खबर हवी असेल त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून द्यावे, असेही तो म्हणाला. अर्पणाचे ताट फिरले, चिठ्ठ्याही आल्या. या बाईने मुलाचे नाव दिले. त्या मनुष्याने डोळे मिटले आणि सांगितले, "त्याला मी ज्वाळांत पाहिले. तो आईला हाका मारीत होता."

वाचकहो, या एका वाक्याने त्या माउलीची जी दशा केली ती आम्ही पाहिली, म्हणून आज हा विषय तुमच्यापुढे मांडीत आहो. असले वृत्तांत आता सभांतूनच नव्हे, तर पुस्तकांतून व मोबाईलवरूनही आमच्या खेड्यांत येऊन पोहोचतात. ते सर्वच खरे मानावे काय? की सर्वच थट्टेवारी न्यावे?

पहिली गोष्ट ही की, देव दृष्टांत देऊच शकत नाही असे आम्ही म्हणत नाही. यशयाने मंदिरात प्रभूचे सिंहासन पाहिले. यापोत पेत्राला घराच्या धाब्यावर दृष्टांत झाला. पण दुसरीही गोष्ट तितकीच खरी की, यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात, आपल्या मनची स्वप्ने देवाच्या नावावर खपविणाऱ्यांवर परमेश्वराचा कोप वर्णिला आहे. म्हणून जो कोणी देवाच्या नावाने बोलतो त्याचे बोलणे आधी पारखून घ्यावे, अशी योहानाने मंडळीस आज्ञा केली. सराफ कसोटीवर सोने घासतो, तेव्हा सोन्याचा अपमान होत नाही. खरे सोने कसोटीस भीत नाही. भिते ते पितळ.

आता, शास्त्र परलोकाविषयी कसे बोलते ते पाहा. बेथानीचा लाजर चार दिवस कबरेत होता. तो बाहेर आला, पुढे प्रभूबरोबर भोजनासही बसला. पण त्या चार दिवसांत त्याने काय पाहिले याविषयी शुभवर्तमानात एक अक्षर नाही. याईराची कन्या उठली, नाईन गावच्या विधवेचा पुत्र उठला. त्यांच्याही तोंडी परलोकाची वार्ता घातलेली नाही. प्रेषित पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला होता. त्याने हे चौदा वर्षे उलटल्यावर, आणि तेही करिंथकरांनी भाग पाडले म्हणून, लिहिले. आपण देहात होतो की देहाबाहेर, हेही त्यास सांगता येईना. ऐकलेले शब्द मनुष्याने उच्चारण्याजोगे नाहीत असे म्हणून त्याने तोंड मिटले. आणि त्या दर्शनाने आपण फुगून जाऊ नये म्हणून देहात एक काटा मिळाला, असेही तो कबूल करितो. ज्याने खरोखर पाहिले तो असा नम्र व मितभाषी आहे!

लूकाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंताची विनंतीही आठवा. मेलेल्यांतून कोणी भावांकडे जाऊन सांगावे, म्हणजे ते पश्चात्ताप करतील, असे तो अब्राहामास विनवितो. विनंती दयेचीच दिसते. तरी ती नाकारली गेली. कारण मोशे व संदेष्टे त्यांच्यापाशी आहेत, आणि त्यांचे जे ऐकत नाहीत त्यांचे मन मेलेला उठून आला तरी पालटणार नाही. नरकातील वार्ताहर धाडून माणसे वळवावी, हा मार्ग देवाने स्वतः नाकारलेला आहे.

मंडळीच्या इतिहासातही ही परीक्षा वारंवार झाली आहे. चौथ्या शतकाच्या सुमारास 'पौलाचा दृष्टांत' नावाचे एक पुस्तक पसरले. पौलाने जे सांगितले नाही ते सर्व त्यात रंगवून सांगितले होते, आणि ते तार्स शहरी पौलाच्या घराच्या पायाखाली पेटीत सापडले अशी बतावणी होती. आगस्तीनाने ते पुस्तक सत्य मंडळी स्वीकारीत नाही असे स्पष्ट म्हटले. त्याहून नाजूक प्रकरण पर्पेतुआचे. ही तरुण माता २०३ साली कार्थेज येथे ख्रिस्तासाठी हुतात्मा झाली. तुरुंगात असता तिने आपला लहानपणी वारलेला भाऊ अंधारात तहानलेला पाहिला, त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि पुढे तो बरा होऊन पाणी पितो असे तिला दिसले. या दर्शनावरून कोणी मृतांविषयी सिद्धांत काढू लागला, तेव्हा आगस्तीनाने उत्तर दिले की, तो लेख शास्त्रात गणलेला नाही. ज्या बाईने रक्त सांडून साक्ष दिली तिच्या दर्शनासही मंडळीने शास्त्राचे आसन दिले नाही. मग ताट फिरविणाऱ्याच्या दर्शनास ते कसे द्यावे?

१७४१ साली अमेरिकेत मोठे आत्मिक जागरण चालू असता योनाथान एडवर्ड्स या पाळकाने न्यू हेवन येथे याच विषयावर व्याख्यान दिले. लोक रडत, पडत. कित्येकांस स्वर्ग-नरकाची चित्रे दिसत. कोणी म्हणत, ही सैतानाची करणी. कोणी म्हणत, हाच आत्मा. एडवर्ड्सने दोघांनाही थांबविले. अशी चित्रे दिसणे हे देवाच्या कार्याचे प्रमाण नव्हे, आणि त्याविरुद्धही प्रमाण नव्हे, असे सांगून त्याने योहानाच्या पत्रातून खऱ्या खुणा काढल्या : येशूविषयी आदर वाढतो काय, पापाचे राज्य ढासळते काय, शास्त्राची गोडी वाढते काय, सत्य प्रकाशात येते काय, आणि देवावर व माणसांवर प्रीती वाढते काय.

आपल्या देशातील साधू सुंदरसिंगाचे नाव तुम्ही जाणता. त्याने आपल्या दर्शनांचे एक लहान पुस्तक १९२६ साली प्रसिद्ध केले. त्याच्याविषयी युरोपात विद्वानांचे दोन तट पडले. त्या दर्शनांचा निवाडा आम्ही करीत नाही. १९२९ साली तो शुभवर्तमान घेऊन तिबेटच्या वाटेने निघाला आणि परत आला नाही, यासाठी भारतातील मंडळी त्याची आठवण आदराने करिते; परंतु आमच्या विश्वासांगीकारात त्याच्या दर्शनांतून एकही कलम घातलेले नाही. हीच योग्य रीत होय.

आणि अगदी आपल्या काळातले उदाहरण ऐका. अमेरिकेत एका सहा वर्षांच्या मुलाला २००४ साली मोटारीच्या अपघातात भयंकर इजा झाली. तो स्वर्गात जाऊन आला असे सांगणारे पुस्तक २०१० साली निघाले व लाखोंनी खपले. २०१५ साली त्याच मुलाने जाहीर केले की, आपण मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचे लक्ष मिळावे म्हणून तसे बोललो. लोकांनी पवित्र शास्त्र वाचावे. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. त्या मुलाचे धैर्य धन्य! पण विचार करा, विकणारे व विकत घेणारे वडील माणसे होती. त्यांनी कसोटी हाती घेतली असती, तर सत्य सांगण्याचे ओझे एका पंगू मुलावर पडले नसते.

जो सांगतो तो लबाडच असतो असे मात्र समजू नका. कडक तापात, मेंदूस प्राणवायू कमी पडल्यास, किंवा काही औषधांच्या अमलाखाली मनुष्यास खरोखरीसारखी दृश्ये दिसतात, हे डॉक्टरांस ठाऊक आहे. मनुष्य प्रामाणिक असू शकेल, आणि तरी दृश्य देवाकडील नसू शकेल. म्हणून उपदेशक बंधूंनी अशा प्रसंगी रागे न भरता, हसू न करता, पुढील चार प्रश्न विचारावे.

पहिला : हे बोलणे शास्त्राशी जुळते काय? अनुवादाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे, सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरीही सांगणारा देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. दुसरा : यात मोठेपणा कोणाचा होतो, प्रभूचा की पाहणाऱ्याचा? तिसरा : पैसा कोठे जातो? देवाचे दान फुकट मिळते. जेथे चिठ्ठीमागे पैसा लागतो तेथे दुकान आहे, मंदिर नाही. चौथा : फळ काय? पेत्राच्या दृष्टांताचे फळ असे की, ज्या परक्याच्या घरी तो कधी गेला नसता त्या कर्नेल्याच्या घरी तो गेला. खरा दृष्टांत दार उघडतो. ज्या दृष्टांताने एक आई प्रभूच्या मेजापासून उठून गेली, तो कोणाच्या घरून आला असेल ते तुम्हीच ठरवा.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी देवऋषीच्या दारी खेटे घातले आहेत. तो घुमे, तांदूळ टाकी, आणि करणी कोणी केली तिचे नाव घेई. त्या एका नावाने कित्येक गरीब विधवा गावातून हाकलल्या गेल्या. त्या दारातून प्रभूने आपल्यास सोडविले. आता तोच मनुष्य हाती बायबल धरून आला आणि नरकातल्यांची नावे घेऊ लागला, तर आपण त्यास ओळखू नये काय?

नरक नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रभूने स्वतः त्याविषयी इशारा दिला आहे, आणि दारूच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक तरुणास आम्ही तो इशारा आजही देतो. परंतु इशारा जिवंतास असतो. मेलेल्याचा निवाडा पित्याने पुत्राकडे सोपविला आहे, कोणा सभेच्या वक्त्याकडे नव्हे. स्तेफनाचे उदाहरण घ्या. त्याने उघडलेला स्वर्ग खरोखर पाहिला. मग त्याने काय केले? दगड मारणाऱ्यांची नावे घेऊन त्यांस नरकात घातले काय? नाही, त्यांच्या क्षमेसाठी प्रार्थना केली. आणि त्यांचे कपडे राखीत तेथे शौल उभा होता. त्या दिवशी एखाद्या द्रष्ट्यास विचारले असते, तर त्याने शौलाचे नाव कोणत्या यादीत लिहिले असते?

त्या माउलीस आम्ही हेच सांगितले. तिने विचारले, "मग पाळकसाहेब, माझा लेक स्वर्गात आहे का?" आम्ही म्हणालो, "मावशी, तेही आम्ही पाहिलेले नाही. पाहिले असे म्हणालो तर आम्हीही त्या मनुष्यासारखेच ठरू. विहिरीच्या त्या काळोखात तुमचा मुलगा आणि त्याचा तारणारा यांच्यामध्ये काय झाले, ते कोणास ठाऊक नाही. वधस्तंभावरील चोराला फार वेळ मिळाला नव्हता. एवढे मात्र आम्हांस ठाऊक आहे की, मरणाच्या व अधोलोकाच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत, त्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. तुमचे लेकरू त्या हातांवर सोपवा, आणि मेजाकडे या."

ती बराच वेळ रडली. पुढल्या फेरीस ती आपल्या जागी बसली होती.

उपदेशक बंधूहो, गावात असा कोणी आला तर त्याची सभा तपासल्यावाचून मंदिरात होऊ देऊ नका, आपल्या पाळकास कळवा, आणि ज्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे त्या घरी त्याच्या आधी तुम्ही जा. दुःखी मनुष्य खबर शोधीत असतो. त्यास आपण सांत्वनाचे वचन वेळेवर दिले नाही, तर तो चिठ्ठी लिहून देईल. आणि मग त्याचा दोष काही अंशी आपल्याही माथी येईल.

हे प्रभो, जे तू आम्हांस दाखविले नाहीस ते पाहिल्याचा आव आणण्यापासून आम्हांस राख. जे तू शास्त्रात उघड केलेस ते पुरेसे मानण्याची बुद्धी दे. आणि आमचे मृत व आम्ही, दोघांसही तुझ्या व्रणांकित हाती सुरक्षित ठेव. आमेन.