गोठलेलं खोबरेल

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. घरातलं कुणीतरी ती उन्हात ठेवतं आणि विषय संपतो. प्राचीन भारतातले वैशेषिक दार्शनिक मात्र अशा गोष्टींपाशी थांबले. द्रवत्व हा त्यांच्या लेखी एक गुण, आणि तो दोन प्रकारचा : पाण्याचं द्रवत्व उपजत, ‘सांसिद्धिक’; तुपाचं आचेमुळे आलेलं, ‘नैमित्तिक’. वर्गवारी देखणी आहे, पण गारांपाशी अडखळते. पातळपण पाण्याच्या अंगचंच असेल, तर गार घट्ट कशी? तिथे त्यांना वेगळा अडथळा कल्पावा लागला.

युरोपातही घट्टपणा किंवा पातळपणा हा पदार्थाचा स्वभावच समजला जाई. त्या समजुतीला धक्का दिला तो हिशेबाने. १७६०च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने दाखवलं, की बर्फ वितळताना उष्णता खातो, पण तापमापी जागची हलत नाही. आजच्या आकड्यांत, ग्रॅमभर बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४०.

सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे, असं मला वाटतं. वितळताना कण आपली ठरलेली जागा सोडतात, शेजार सोडत नाहीत. यात्रेतली गर्दी खांद्याला खांदा लावूनही पुढे सरकते, तसं. म्हणून पाणी भांड्याचा आकार घेतं, पण दाबून लहान होत नाही. उकळताना मात्र शेजारच तुटतो. तेवढंच पाणी वाफ होऊन सोळाशे पटींहून जास्त जागा व्यापतं. (शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांत द्रवाचे कण बरेचदा ऐसपैस विखुरलेले असतात. ते चित्र चूक आहे.)

उष्णता म्हणजे कणांची धावपळ, हे मात्र सहजी पचलं नाही. बर्नूलीने १७३८मध्ये वायूचा दाब म्हणजे कणांच्या धडका असं मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८४५मध्ये मुंबईहून एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन, ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल उमेदवारांचा शिक्षक. वायूच्या कणांच्या गतीचं गणित त्यात होतं. परीक्षकाने तो निव्वळ खुळचटपणा ठरवला. लॉर्ड रॅले यांना तो सोसायटीच्या दप्तरात सापडला आणि १८९२मध्ये छापला गेला. वॉटरस्टन १८८३मध्येच गेले होते.

धावपळ कणांना पांगवते आणि आपसातली ओढ त्यांना धरून ठेवते, हे दोन्ही एकाच समीकरणात बसवलं व्हान डर वाल्स या डच शिक्षकाने, १८७३च्या आपल्या प्रबंधात. त्याच्यासमोर बेलफास्टच्या थॉमस अँड्रूज यांचे प्रयोग होते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर नेला, की कितीही दाबा, त्याचा द्रव वेगळा होऊन खाली बसत नाही. द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते.

कार्यालयाच्या जिन्यात आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचं लाल नळकांडं टांगलेलं असतं. थंडीत त्यात द्रव असतो, वर थोडा वायू. मे महिन्याच्या दुपारी, जिना ३१ अंशांच्या पुढे तापला, की आत जे असतं त्याला द्रवही म्हणता येत नाही आणि वायूही.