सामाईक थैलीचा कारभार

आधार : २ करिंथ ८:१६–२१



यरुशलेम येथील गरीब पवित्र जनांकरिता प्रेषित पौलाने निरनिराळ्या मंडळ्यांतून वर्गणी जमविली, ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. मकदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही त्यांनी आपल्या शक्तीपलीकडे दिले, ह्या गोष्टीवर आपल्या उपासनामंदिरांतून पुष्कळ उपदेश होतात. परंतु त्याच अध्यायात पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जमलेला पैसा यरुशलेमास पोहोचवावयाचा होता. पौल तर प्रेषित. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोण शंका घेणार? तरी त्याने ती थैली एकट्याच्या हाती ठेविली नाही. तीताबरोबर त्याने आणखी एक बंधू पाठविला, आणि हा बंधू मंडळ्यांनी स्वतः निवडलेला होता. असे का केले, हेही पौल लपवून ठेवीत नाही. एवढ्या मोठ्या देणगीच्या कारभारात कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये, आणि जो व्यवहार देवापुढे चोख आहे तो मनुष्यांपुढेही चोख दिसावा, हा त्याचा हेतू होता.

ह्या शास्त्रभागाच्या आधारे आज आम्ही सहकारी संस्थांविषयी लिहीत आहो. कोणी म्हणेल, पतपेढी, दूध संस्था आणि साखर कारखाना ह्यांचा उपदेशाशी काय संबंध? आमचे उत्तर असे की, जेथे पुष्कळांचा पैसा एका थैलीत पडतो तेथे शेजाऱ्यावरील प्रीतीची परीक्षा सुरू होते. आणि आपल्या जिल्ह्यात तर अशी थैली नाही असे गाव शोधावे लागेल.

प्रथम ही थैली कशासाठी हवी, ते पाहू. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात यहूदी लोकांचा आक्रोश आहे. दुष्काळात धान्यासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती, राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढिले होते, आणि शेवटी पोटची मुले दास्यात देण्याची पाळी आली होती. हे वाचताना आपल्या वाडवडिलांची आठवण होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि त्याची झळ लवकरच आपल्या नगर जिल्ह्यातही पोहोचली. जमावाचा रोख मुख्यतः एका वस्तूवर होता : सावकाराच्या पेटीतील कर्जरोखे. ते बाहेर काढावे व जाळावे. परंतु कागद जाळल्याने कर्जाची गरज जळत नाही. पुढील पेरणीस बी हवे, बैल मेला तर दुसरा हवा. आणि पैसा पुन्हा त्याच ओसरीवर मागावा लागे. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला, त्याने सावकाराचा हात काहीसा आवरला. तथापि दुसरा देणारा हात निर्माण केला नाही.

तो दुसरा हात कोठून आला, हे आपण ख्रिस्ती लोकांनी अवश्य जाणावे. जर्मनी देशात फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन नावाचा एक भाविक प्रॉटेस्टंट गृहस्थ खेड्यांचा कारभारी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्याने सधन लोकांकडून पैसे जमवून गरिबांसाठी भाकरीची सोय केली. परंतु काही वर्षांच्या अनुभवाने त्याला दिसून आले की, धनवानांच्या दयेवर चाललेले काम ती दया थंडावली की बंद पडते. यास्तव १८६४ साली हेडेसडोर्फ येथे त्याने अशी पतपेढी काढिली की जिच्यात कर्ज घेणारे तेच सभासद, आणि एकमेकांच्या देण्याला सर्वांनी मिळून बांधलेले. क्षेत्र लहान ठेविले, कारण शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. कारभारी मंडळ बिनपगारी असे. हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवून हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला.

वाचकहो, ह्या गोष्टीत आपणांकरिता विशेष बोध आहे. आपल्या मंडळ्या मिशनच्या मदतीवर वाढल्या, आणि ते उपकार आम्ही विसरत नाही. परंतु दुसऱ्याने दिलेल्या भाकरीने मनुष्य दिवस काढतो; आपली थैली आपण मिळून राखू लागला म्हणजे तो ताठ उभा राहतो.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. प्रवरेच्या कालव्यांनी उसाचे मळे उभे राहिले, तरी शेतकऱ्याच्या हाती फारसे काही राहत नसे. गुळाचा भाव आज चढे, उद्या पडे. आणि खाजगी कारखाना देईल तो दर घ्यावा लागे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे फार शिकलेले गृहस्थ नव्हते; पण पतपेढीच्या कामातून त्यांना एक गोष्ट उमगली होती की, एकेकटा शेतकरी भावाविषयी बोलू लागला तर कोणी ऐकत नाही, आणि सर्व मिळून कारखान्याचे मालक झाले तर भाव ठरविण्याच्या बैठकीत ते स्वतःच बसतात. त्यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले व कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबई सरकारातील मंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांचेही साहाय्य लाभले. प्रवरा सहकारी साखर कारखाना १९४८ साली नोंदला गेला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे त्याचे पाहून महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे कारखाने निघाले. लोणीच्या परिसरात शाळा, महाविद्यालये व रुग्णालय उभे राहिले. जो नफा परगावच्या मालकाच्या घरी गेला असता तो गावच्या रस्त्याने गावातच फिरला, आणि त्याने शेतकऱ्याबरोबर दुकानदार, लोहार, गाडीवान ह्यांचीही चूल पेटती ठेविली. सहकाराचा खरा लाभ तो हाच.

परंतु येथे थांबून आम्ही केवळ स्तुती केली, तर आपले पाळक म्हणवून घेण्यास आम्ही पात्र ठरणार नाही. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ही बँक शंभर वर्षांहून जुनी होती. पुरेसे भांडवल उरले नाही व मिळकतीची आशा दिसत नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी म्हातारपणाच्या औषधपाण्यासाठी बँकेत ठेव ठेवितो. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे छत्र असते. त्यावरील रकमेसाठी ठेवीदाराला वाट पाहणेच प्राप्त होते. आणि हे सर्वांनी नीट ध्यानात ठेवावे की, गावच्या पतसंस्थेतील ठेवीला हे छत्रही नाही. तेथे सभासदांची जागरूकता हाच विमा.

म्हणून पौलाच्या वागणुकीकडे पुन्हा पाहा. आमच्या खेड्यांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : “चेअरमनसाहेब आपल्यातलेच आहेत, त्यांच्यावर विश्वास आहे, हिशेब कशाला मागावयाचा?” हे वाक्य नम्रतेचे वाटते, परंतु त्यात आळस लपलेला असतो. प्रभू येशूच्या बारा शिष्यांत थैली यहूदाकडे होती, आणि तो तीतून चोरी करीत असे, असे योहान स्पष्ट लिहितो. साक्षात प्रभूच्या सहवासात असे घडले, तर आपल्या संस्थेत घडणारच नाही, असे कोणत्या बळावर म्हणावे? हिशेब मागणे हा बंधूवरील अविश्वास नव्हे. तो त्याच्याभोवती घातलेला कठडा आहे. विहिरीला कठडा बांधतो तो पोहणाऱ्याच्या अपमानासाठी नव्हे. प्रामाणिक कारभाऱ्याला हिशेब दाखविण्यात आनंद वाटतो, आणि मोहात पडू पाहणाऱ्याला वेळीच आवर बसतो. दोघांचेही त्यात कल्याण आहे.

दुसरी गोष्ट प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, ह्यात आहे. पहिल्या मंडळीत सर्व काही सामाईक होते, तरीही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबून टाकिली नाही. त्यांनी लोकांनाच सांगितले की, चांगल्या नावलौकिकाची सात माणसे निवडा. तेव्हा सामाईक थैली असूनही काहीजण तिच्याबाहेर राहू शकतात, हे शास्त्र आपणांस दाखविते. आमच्या पुष्कळ बांधवांजवळ जमीन नाही. ज्याला ऊस नाही त्याला कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद होता येत नाही. आणि ज्यांच्या कोयत्याने तो ऊस तुटतो ती नवरा-बायकोची जोडी, पाथर्डी-शेवगावकडून वा बीडकडून उचल घेऊन येते, पाचटाच्या खोपीत राहते, आणि हंगाम संपला की फिटले न फिटले त्याचा विचार करीत परत जाते. ती ज्या कारखान्यासाठी राबते त्याच्या सभेत तिला मत नाही. ज्या मंडळीच्या शिवारात अशा खोपी पडतात तिने आपल्या प्रभूच्या नावाने विचारावे की, आमच्या वाटपात ह्या विधवा कोठे आहेत?

ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांनी मात्र हात जोडून बसू नये. एका म्हशीच्या दुधावर दूध संस्थेचे सभासद होता येते. दहा-वीस स्त्रियांनी दरमहा थोडे थोडे बाजूस ठेवून बचत गट चालविता येतो. रायफायझेनचा आरंभही गरीब शेजाऱ्यांच्या परस्परांवरील भरवशापासूनच झाला.

आता आचरणाच्या काही गोष्टी सांगून आम्ही आवरते घेतो.

पहिली : महाराष्ट्रातील १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत आहे. शंभर भागांचा धनी आणि एका भागाची विधवा, सभेत दोघेही सारखे. हा समतेचा अधिकार एका जेवणावळीवर किंवा जातीच्या हाकेवर विकू नका; एका वेळच्या जेवणासाठी ज्येष्ठत्व विकणाऱ्या एसावाला नंतर रडूनही ते परत मिळाले नाही.

दुसरी : वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरअखेर भरते. तीस जा. सही करून घरी परतू नका. ताळेबंद वाचला जाईपर्यंत बसा. संस्थेच्या कचेरीत तपासलेला ताळेबंद, पोटनियम व सभेचे इतिवृत्त विनामूल्य पाहण्याचा हक्क कायद्यानेच सभासदाला दिला आहे.

तिसरी : गावच्या उपदेशकाने व मास्तरांनी निरक्षर बांधवांस अहवाल वाचून दाखवावा. एक संध्याकाळ ह्या कामी गेली तर ती प्रार्थनासभेहून कमी मोलाची नव्हे.

चौथी : घेतलेले कर्ज मुदतीत फेडा. थकलेला हप्ता हा शेजाऱ्याच्या ठेवीतून काढलेला पैसा आहे. आणि भिडेस्तव जामीन राहू नका. नीतिसूत्रे ह्याविषयी आपणांस वारंवार सावध करितात.

पाचवी : अधिक व्याजाच्या लोभाने सर्व पुंजी एका ठिकाणी टाकू नका.

सहावी, आणि ही प्रथम आम्हां पाळकांस व पंचांस लागू आहे : उपासनेची वर्गणी दोघांनी मिळून मोजावी, वहीत लिहावी, आणि महिन्याचा जमाखर्च मंडळीपुढे वाचावा. देवाच्या मंदिरात जे आपण शिकविले नाही ते सोसायटीच्या सभेत लोकांनी करावे, अशी अपेक्षा कशी करावी?

प्रभूच्या दाखल्यातील धनी परत आल्यावर चाकरांस एकच गोष्ट मागतो : दिलेल्या पैशांचा हिशेब. ज्याला पाच हजार दिले त्याला आणि ज्याला एक दिला त्यालाही. आपल्या हाती एक भाग असेल, एक म्हैस असेल, एक मत असेल. ते पुरून ठेवू नका. तो धनी येईपर्यंत तो आपल्या शेजाऱ्याच्या रूपाने रोज आपल्याकडे हिशेब मागत आहे, हे ओळखून चालण्याची बुद्धी तो आपणां सर्वांस देवो. आमेन.