भरती आहे काय?

सरकारी आरोग्य विम्याच्या बाबतीत अमरावती जिल्हा पहिल्या पंगतीत बसलेला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई, रायगड, सोलापूर, धुळे, नांदेड, गडचिरोली यांच्याबरोबर अमरावतीचं नाव होतं. बाकीच्या महाराष्ट्राला ती मिळायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. पुढे २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव लागलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेत शिधापत्रिकेच्या रंगाची अटही काढून टाकली. आमच्याकडे ती अट त्याआधीच सैल झालेली होती. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत अमरावती असल्यामुळे पांढऱ्या शिधापत्रिकेचा शेतकरीसुद्धा सातबारा दाखवून योजनेत येत असे. वऱ्हाडाला सवलती मिळतात त्या बहुधा अशाच कारणाने मिळतात.

तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात आज प्रश्न कार्डाचा नाही. प्रश्न कार्ड दाखवल्यानंतरचा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेलं चार वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन एखादी आई योजनेच्या खिडकीशी उभी राहिली, की पहिली विचारणा होते, "भरती आहे काय?" भरती नाही, लेकराला व्यायाम द्यायचा आहे, आठवड्यातून तीनदा, पुढची काही वर्षं. "मंग हे योजनेत बसत नाही, बाई."

खिडकीतल्या माणसावर राग काढून उपयोग नाही. तो खरं तेच सांगतो. महात्मा फुले योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. जुलै २०२३ च्या निर्णयाच्या वेळी त्या यादीत १,३५६ उपचार होते, आणि प्रत्येकाला ठरलेला दर. रुग्ण दाखल झाला, मंजुरी आली, शस्त्रक्रिया झाली, सुट्टी झाली, दवाखान्याने बिल पाठवलं, असा तिचा क्रम. आयुष्मान भारतचंही तसंच, बाह्यरुग्ण विभागातला खर्च तिच्यात नाही. थोडक्यात, आपला सार्वजनिक विमा माणूस मोजत नाही, खाट मोजतो. आणि ज्या लेकराचा सगळा इलाज घरच्या सतरंजीवर आणि थेरपीच्या गादीवर होणार आहे, त्याला कुठलीच खाट लागत नाही.

या इलाजात नेमकं होतं तरी काय? सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते, बहुधा जन्माच्या आगेमागे, आणि ती इजा वाढत नाही. वाढतं ते मूल. मेंदूच्या चुकीच्या हुकमांमुळे पोटरीचे, मांड्यांचे स्नायू सतत ताठलेले राहतात, हाडं मात्र लांब होत जातात, आणि ताठलेला स्नायू हाडाच्या वेगाने वाढत नाही. टाच जमिनीला टेकेनाशी होते. गुडघे एकमेकांत अडकतात. काही मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू निसटू लागतो. म्हणून आईला शिकवतात: एका हाताने गुडघा दाबून सरळ धरायचा, दुसऱ्या हाताच्या पंज्यात टाच घ्यायची, पाऊल सावकाश वर ढकलायचं, तीसपर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. लेकरू रडतं. सोयाबीन सोंगायचे दिवस असले तर ही मोजणी पहाटे उरकावी लागते. मग पायाला स्प्लिंट बांधायचा. वाढीच्या वयात तो लहान पडतो, की पुन्हा नव्या मापाचा. फिजिओथेरपिस्ट जे करतो त्यातला मोठा भाग आईचे हात नीट पडताहेत की नाहीत हे पाहण्याचा आणि बदलत्या शरीराप्रमाणे व्यायाम बदलण्याचा असतो. स्वमग्न मुलाची स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी वेगळी दिसते, पण तीही अशीच चालते. एका दिवसात काहीच दिसत नाही, आणि वर्षभर खंड पडला तर गेलेलं सगळं परत येत नाही.

आता योजनेचा हिशेब पाहा. व्यायाम झाला नाही, स्नायू आखडला, पाय वाकडा झाला, तर त्यावर शस्त्रक्रिया करता येते. शस्त्रक्रिया म्हटली की भरती आली, आणि भरती आली की विम्याचं दार उघडतं. म्हणजे पाय वाकडा होऊ नये यासाठी जो खर्च आहे तो आईबापांचा, आणि वाकडा झाल्यानंतरचा सरकारचा. कोणी ठरवून असा दुष्टपणा केलेला नाही. खाट हे एकक धरलं की हिशेब आपोआप इथेच येऊन पोचतो.

यावर उतारा म्हणून केंद्राची 'निरामय' योजना आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, आणि त्याच्या छत्राखालचा हा विमा २००८ पासूनचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, हप्ता नाममात्र, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासून असलेल्या आजाराची अडचण नाही. ज्या व्यंगामुळे खाजगी कंपन्या तोंड फिरवत आल्या तेच इथे पात्रतेचं कारण ठरतं, आणि थेरपी हा शब्द यादीत स्पष्ट छापलेला आहे. आपल्या देशात हे छोटं काम नव्हे. पण त्या एका लाखाचे आत कप्पे आहेत. सुरुवातीच्या तक्त्यात सुधारक शस्त्रक्रियेला ४०,००० रुपये होते आणि थेरपीला वर्षाचे १०,०००. आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. भागाकार केला तर एका वेळेला चौसष्ट रुपये पडतात. पुढे थेरपीचा कप्पा मोठा झाला. तो दुप्पट धरला तरी एकशे अठ्ठावीस. त्यातही पैसे आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवायची, दावा पाठवायचा आणि वाट पाहायची. नोंदणी होते ती न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत, आणि दरवर्षी नूतनीकरण. ज्याच्या हातात महिन्याअखेरीस पगार येतो त्याला परतफेड परवडते. ज्याच्या घरी पैसा कापूस विकल्यावर येतो त्याला ती उधारीच वाटते, फक्त इथे उधार देणारा तो असतो आणि घेणारं सरकार.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचताना एक गंमत दिसते. 'विमा योजना' असं शीर्षक असलेलं त्याचं २६ वं कलम केवळ दिव्यांग सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. चार वर्षांच्या मुलाला नोकरी लागेपर्यंत ते थांबायला सांगतं म्हणा ना! खरी तरतूद २४ व्या कलमात, सामाजिक सुरक्षेच्या लांबलचक यादीत दडलेली आहे: इतर कुठल्या सरकारी विम्यात न येणाऱ्या दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजना. २५ वं कलम घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीवर मोफत आरोग्यसेवा देण्याबद्दल बोलतं. मात्र २४ व्या कलमाच्या सुरुवातीलाच सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असे शब्द आहेत. त्या शब्दांच्या आडोशाला कितीही वर्षं बसता येतं.

यावर अर्थखात्याकडे बसणारा माणूस एक गंभीर आक्षेप घेईल, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. विमा अनिश्चित संकटासाठी असतो. अपघात होईल किंवा होणार नाही, म्हणून सगळे थोडे थोडे पैसे टाकतात. इथे खर्च निश्चित आहे, दर आठवड्याचा आहे, वर्षानुवर्षांचा आहे. त्याला विमा कसा म्हणायचा?

पण हीच महात्मा फुले योजना डायलिसिसचे पैसे देते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचा खर्चही निश्चित असतो, दर आठवड्याचा असतो, आणि तो सकाळी येऊन दुपारी घरी जातो. केमोथेरपीच्या फेऱ्यांचेही पैसे योजना देते. तिथे कोणी विम्याचं तत्त्वज्ञान काढत नाही, कारण यंत्र दिसतं, सलाईन दिसतं, थांबवलं तर माणूस दगावतो हे दिसतं. केंद्राच्या एडिप योजनेत बहिऱ्या बालकाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात, तेव्हा यंत्र आणि शस्त्रक्रियेबरोबर नंतरची वाचा-श्रवण थेरपीही खर्चात धरतात, कारण तिच्याविना लाखोंचं यंत्र वाया जाईल हे सगळ्यांना पटलेलं आहे. शस्त्रक्रियेच्या पाठीवर बसून थेरपी सरकारी खर्चात शिरू शकते. तिला स्वतःच्या पायांवर तेवढं आत येता येत नाही. तेव्हा आक्षेप तत्त्वाचा नाही, सवयीचा आहे. बारा आठवड्यांच्या थेरपीचं एक पॅकेज करा, बाह्यरुग्ण विभागातच हजेरी घ्या, डायलिसिसला घेतात तशी, आणि अखेरीस मुलाची बैठक, पावलाचा कोन, उच्चारलेले शब्द यांची नोंद पाहून पुढचं पॅकेज मंजूर करा. खोट्या बिलांची भीती खरी आहे, पण ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही असते.

खाटेचं हे वेड काही आपल्यापुरतं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीला तान्हेपणी मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी यंत्राची गरज पडू लागली. ती दवाखान्यात होती तोवर सरकारी मेडिकेड योजना खर्च उचलत होती. घरी नेलं तर खर्च एक षष्ठांशावर येणार होता, पण घरच्या शुश्रूषेला त्या योजनेत पैसा नव्हता, म्हणून तीन वर्षांची मुलगी खाटेवरच. तिची आई ज्युली ते प्रकरण वरपर्यंत घेऊन गेली. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांपुढे त्याचा उल्लेख केला, केटी त्याच वर्षी घरी आली, आणि १९८२ च्या कायद्याने अशा मुलांना घरी राहून लाभ देण्याची मुभा राज्यांना मिळाली. कॅनडात उलटं घडलं. ब्रिटिश कोलंबियातल्या स्वमग्न मुलांच्या पालकांनी वर्षाला ४५ ते ६० हजार डॉलरची वर्तन-थेरपी सार्वजनिक विम्यात यावी म्हणून दावा लावला. प्रांतातल्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. कायद्याने हमी दिली आहे ती डॉक्टर आणि दवाखान्यांच्या सेवेची, त्यापलीकडचं ठरवणं विधिमंडळाचं काम, असा तो ऑटन खटल्याचा निकाल. आपल्या पालकांनी यातलं दुसरं प्रकरण अधिक लक्षात ठेवावं. न्यायालयात जाण्याआधी यादीत शिरावं लागतं, आणि यादी राजकारणात ठरते.

राजकारण तिवसा तालुक्याला नवं नाही. जून २०२५ मध्ये प्रहार पक्षाचे नेते बच्चू कडू यांनी याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीच्या परिसरात अन्नत्याग आंदोलन केलं. गाजल्या त्या मागण्या दोन, शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि दिव्यांगांना महिना ६,००० रुपये. सप्टेंबरात राज्याने दिव्यांगांचं मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० केलं. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, त्यामागेही कडूंचा रेटा होता. या माणसाच्या तऱ्हेबद्दल मतभेद असू शकतात, पण अपंगांचा प्रश्न त्याने मंत्रालयात पोचवला हे नाकारता येणार नाही. तरीही रोख रकमेच्या मागणीला जसा आवाज मिळतो तसा थेरपीच्या मागणीला मिळत नाही, आणि याचं कारण मला साधं वाटतं. आंदोलनाला येतात ते मोठे झालेले दिव्यांग आणि त्यांचे नेते. चार वर्षांच्या मुलाची आई मोझरीला येऊ शकत नाही, कारण तिला पोराला खाली ठेवता येत नाही.

अडीच हजार रुपये हातात आले तरी तिवस्यात ते खर्च करायचे कुठे, हा पुढचा पेच. वाटा अमरावतीकडे जातात. एस.टी.त महिला म्हणून आईला अर्धं तिकीट, दिव्यांग म्हणून लेकराला पाऊण माफी. या बाबतीत महामंडळ आरोग्य खात्यापेक्षा समजूतदार निघालं! पण तासाभराचा जायचा प्रवास, तितकाच यायचा, मधलं वाट पाहणं, म्हणजे अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी मजुरीचा एक अख्खा दिवस. आठवड्यातून तीनदा कोण बुडवील? म्हणून नुसता विमा वाढवून भागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत जाऊन अशी मुलं शोधतात आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शोधणारे गावात येतात, इलाज करणारे जिल्ह्याला बसतात.

माझ्या मते तालुक्यापुरता एक मार्ग आजच मोकळा आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतींचा हा पैसा बहुतेक ठिकाणी मार्चअखेर घाईघाईत वाटला जातो, कुठे खात्यावर थोडी रक्कम, कुठे एखादी वस्तू. एका गावाचे ५ टक्के म्हणजे चणेफुटाणे. पण तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि तिवसा नगरपंचायतीने ते एकत्र केले, तर आठवड्यातले दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आणि एक दिवस स्पीच थेरपिस्ट तालुक्याच्या गावी येऊन बसू शकेल. त्याच्याकडची बिलं निरामयला जोडता येतील, म्हणजे परतफेडीची धावपळ एकेका आईऐवजी एकच कारकून करील. शासनाची परवानगी लागेल, लेखापरीक्षक हरकत घेतील, एखादा सरपंच म्हणेल की माझ्या गावाचा पैसा दुसऱ्या गावच्या पोरावर का. त्या सरपंचाला उत्तर देता येतं, कारण पुढच्या वर्षी तसं मूल त्याच्या गावात जन्माला येऊ शकतं, आणि ही अनिश्चितता विम्याच्या व्याख्येत अगदी चोख बसते. लेखापरीक्षकाला उत्तर देण्यासाठी मात्र ठराव लागेल. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडता येतो, आणि त्यासाठी अर्ज डिसेंबरातच ग्रामपंचायतीत पोच घेऊन दिलेला बरा.