वृंदावनातील अनाहूत रोप

तुलसीविवाहाकरिता पेरलेल्या बियांतून कधीकधी सब्जा उगवतो, आणि अपशकुन मानून पेरणाऱ्या सुनेस बोल लावला जातो. हे आम्हांस अन्याय्य वाटते. आपल्या हुबळी-धारवाडात कानडीत ज्यास कामकस्तुरी म्हणतात, तोच हा सब्जा, तुळशीचा भाऊबंदच. त्याचे काळे बी पाण्यात टाकताच बुळबुळीत होऊन फुगते. तुळशीचे तांबूस बी तितके फुगत नाही. ही परीक्षा पेरणीपूर्वीच करावी, कारण अंकुर दोहोंचे सारखेच दिसतात. पुढे सब्जाची पाने गुळगुळीत, तुळशीची लवदार होतात. कृष्णतुळशीचे रोप हिरवे निघाले, तर परागसंकर किंवा सावली हे कारण. दैवी कोप नव्हे. देव भाव पाहतो, मग बियांवरून सुनेची पारख कशाला? सब्जा निराळ्या कुंडीत लावावा. उन्हाळ्यात त्याचे बी सरबतास येईल.