वाळू कोरडी कशी राहते?

जादूगार लाल, पिवळी, निळी वाळू पाण्यात टाकतो, ढवळून गढूळ करतो. मग म्हणाल त्या रंगाची मूठ बाहेर काढतो, आणि वाळू बोटांतून कोरडी भुरभुरते. गुपित साधं आहे. वाळू तापवून तिला आधी मेण चोळलेलं असतं. पाणी तिला शिवतच नाही.

मग हे असत्य झालं का? क्रोध, मान, माया, लोभ हे आपले चार कषाय. त्यातली माया म्हणजे कपट. जादूगार 'जादू' असं सांगूनच खेळ मांडतो, आपणही फसायलाच तिकीट काढतो. यात कपट कुठलं? पण तीच मूठ एखादा बाबा सिद्धी म्हणून दाखवतो, आणि समोरची बाई आजारी लेकराचं औषध बंद करून अंगारा घेऊन घरी जाते. तिथं माया आली.

तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटते, तसं कषायानं कर्म चिकटतं, असा दृष्टांत शास्त्रात आहे. ते बाबाला चिकटेलच. पण तोवर त्या लेकराचं काय? म्हणून वाळूचं गुपित मुलांना सांगावं. खेळाची थोडी गंमत गेली तर जाऊ द्या.