ज्ञानाची वर्गणी

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मराठी शिकविले. निवृत्तीनंतरही दहावीची मुले त्यांच्या ओटीवर बसून समास आणि प्रयोग समजावून घेत असतात. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडून पैसा घेतलेला नाही. आता त्यांच्या मुलाने सुचविले होते की, आईचे पाठ एका संकेतस्थळावर ठेवावेत आणि दरमहा शंभर रुपये भरणाऱ्या सभासदांनाच ते उघडता यावेत. त्याने हिशेबही मांडून दाखविला होता. बाई मात्र अस्वस्थ होत्या. "फादर, जे मी ओटीवर फुकट देते, तेच कुलपात ठेवून विकायचे. हे पाप नाही ना?"

मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न वरवर नवा, पण मुळात फार जुना आहे. ज्ञान ही देवाची देणगी आहे, म्हणून ते विकता येत नाही, असे सूत्र मध्ययुगीन धर्मविधितज्ज्ञांत रूढ होते. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने तर असा नियमच केला की, प्रत्येक कॅथीड्रलने एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय लावून द्यावी, म्हणजे तो धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवील. या नियमाचा पहिला भाग आपण सहसा विसरतो. शिकवणे विनामूल्य होते, परंतु शिक्षक उपाशी नव्हता. विद्यार्थ्याने जे द्यायचे नाही, ते दुसऱ्या कुणी तरी आधीच दिलेले होते.

पुढल्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची उकल अधिक बारकाईने केली. ज्याच्यावर पदामुळे शिकविण्याचे बंधन आहे आणि ज्याची उपजीविका त्या पदातून चालते, त्याने विद्यार्थ्याकडून वेगळे मोल मागू नये. ज्याच्यावर असे बंधन नाही, त्याने मोबदला घेण्यास हरकत नाही. कारण तो सत्य विकत नसतो, आपले श्रम देत असतो. हा भेद आपल्याकडेही अपरिचित नाही. शाळेचा पगार घेऊन त्याच वर्गातील मुलांना घरी पैशाने शिकविणाऱ्या शिक्षकांविषयी पालक काय बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नेही शिक्षकांना खासगी शिकवण्या करण्यास मनाई केली आहे. बाई आता निवृत्त आहेत, तेव्हा हे बंधन त्यांना नाही. त्या दिवशी मी त्यांना एवढेच सांगितले, आणि त्या समाधानाने घरी गेल्या.

माझे समाधान मात्र झाले नाही. अक्वायनस यांच्यासमोरचा शिक्षक रोज नव्याने बोलत असे. दहा विद्यार्थ्यांपुढे बोलला तरी घसा त्याचाच बसत असे. बाईंनी कर्मणी प्रयोगाचा पाठ एकदा ध्वनिचित्रमुद्रित केला की, तो पाहणारा एक असो वा दहा हजार असोत, श्रमात फारसा फरक पडत नाही. मग शंभराव्या सभासदाचे शंभर रुपये कोणत्या श्रमाचे मोल आहेत? ओटीला भिंती होत्या, म्हणून तिथे मुले मोजकीच मावत. संकेतस्थळाला भिंती नाहीत. आपण त्या हौसेने बांधतो. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे हा निर्णय तिथे जागेच्या अभावाने होत नाही, माणूस तो करतो. म्हणून त्याचा जाबही माणसालाच द्यावा लागतो.

सारे काही फुकट ठेवा, असे म्हणून हा जाब टळत नाही. संकेतस्थळ चालविण्यास खर्च येतो. तो वाचक देत नसेल तर बहुधा जाहिरातदार देतो, आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते वाचकाच्या लक्षासाठी. तिथे विकला जातो तो वाचकच. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने जाहिराती नाकारल्या, म्हणून तो वाचकांकडे देणगी मागतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०११ मध्ये दुसरा मार्ग धरला: महिन्याला वीस लेख मोफत, त्यापुढे वर्गणी. वर्षभराने वीसाचे दहा झाले. पण त्याच वृत्तपत्राने २०२० च्या महामारीत करोनाविषयक मजकुरावरील कुलूप काढले होते. काही सत्ये अशी असतात की ती न कळल्यास माणूस मरेल, आणि ती पैशासाठी अडवता येत नाहीत, हे त्या व्यापारी संस्थेलाही जाणवले असावे. समास न कळल्याने कुणी मरत नाही, हे खरे. परंतु दहावीत नापास झालेल्या मुलाच्या घरी काय होते, ते मी पाहिले आहे.

या संदर्भात हॉलंडमधील 'द कोरेस्पाँडंट' या संकेतस्थळाचा इतिहास मला फार बोलका वाटतो. २०१३ साली रॉब वेइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आवाहन केले: पंधरा हजार जणांनी प्रत्येकी साठ युरो वार्षिक वर्गणी आगाऊ भरली, तर जाहिराती न घेता सखोल पत्रकारिता करणारे संकेतस्थळ आम्ही उभे करू. महिनाभराची मुदत होती. पंधरा हजार सभासद आठ दिवसांत जमले. तोवर लेख एकही छापलेला नव्हता. लोकांनी विश्वासावर पैसे दिले. त्याहून महत्त्वाची एक सोय तिथे होती. सभासदाला कोणताही लेख बिगरसभासदाला पाठविता येई, आणि तो त्याला विनामूल्य वाचता येई. म्हणजे वर्गणी हे प्रवेशाचे तिकीट नव्हते. ज्याला शक्य होते त्याने दिले, आणि त्याच्या देण्यातून दुसऱ्यासाठीही दार उघडले. लॅटरनच्या नियमाशी याचे नाते माझ्यासारख्या सेमिनरीत वाढलेल्या माणसाला चटकन जाणवले, तर वाचकांनी मला क्षमा करावी.

पुढे वाढीचा मोह झाला. २०१८ च्या अखेरीस त्यांनी इंग्रजी आवृत्तीसाठी पुन्हा हाक दिली. रक्कम ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवायची होती. शंभराहून अधिक देशांतील पंचेचाळीस हजारांवर लोकांनी पंचवीस लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. या मोहिमेचा बराच भाग न्यूयॉर्कमधून चालला होता, त्यामुळे अमेरिकेत वृत्तकक्ष उघडणार असा अनेकांचा समज झाला होता. मार्च २०१९ मध्ये कळले की मुख्य ठाणे अ‍ॅमस्टरडॅमच राहणार. लोक दुखावले. अखेर संस्थापकांनी जाहीर क्षमा मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये आवृत्ती निघाली आणि २०२१ उजाडताच बंद पडली. मूळ डच संकेतस्थळ मात्र टिकले. महामारीच्या वर्षाने पुष्कळांची कंबर मोडली, त्यामुळे सारे खापर त्या गैरसमजावर फोडणे न्यायाचे होणार नाही. तरी एक गोष्ट खरी. ग्राहकाला वस्तू हवी तशी मिळाली नाही तर तो ती परत करतो. सभासदाने वस्तू घेतलेलीच नसते, त्याने शब्द घेतलेला असतो.

बाईंच्या मुलाचा हिशेब मी नंतर पाहिला. मुलगा हुशार आहे. पैसे वसूल करून देणारी कंपनी प्रत्येक रकमेतून सुमारे दोन टक्के कापते, हेही त्याने धरले होते. गळती मात्र त्याने धरली नव्हती. शंभर सभासदांपैकी दर महिन्याला शंभरी पाचच सोडून जाऊ लागले, तरी वर्षाअखेर जेमतेम चोपन्न उरतात. जुने टिकवावेत की नवे आणावेत, ही ओढाताण इथे सुरू होते, आणि इथेच चांगली माणसेही घसरतात. आत येण्याचा दरवाजा रुंद केला जातो, बाहेर जाण्याचा झाकला जातो.

हे मी अनुभवाने सांगतो. प्रवचनांसाठी उपयोगी पडेल म्हणून मी एका परदेशी संकेतस्थळाचा सभासद झालो. भरती दोन मिनिटांत झाली. सोडायचे ठरविल्यावर एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरविण्यात आले, कारणे विचारण्यात आली, सवलत देऊ करण्यात आली. आणि दोन महिने वर्गणी जातच राहिली. त्यातील मजकूर धार्मिक होता, हे सांगताना मला अधिक वाईट वाटते. अशा रचनेला आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'वर्गणीचा सापळा' या अर्थाचेच नाव आहे. निषिद्ध ठरविलेल्या तेरा कपटी रचनांपैकी ती एक. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून, आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी द्यावी, असे बंधन घातले. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने असल्याच तक्रारींवरून सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. विसरलेल्या माणसाकडून घेतलेला पैसा हा कोणत्याही श्रमाचे मोल नव्हे. अक्वायनस यांच्या युक्तिवादात त्याला जागा सापडत नाही.

(आपल्या मराठी नियतकालिकांची 'आजीव वर्गणी' इथे आठवते. एकदाच घेतलेली ती रक्कम कागदाच्या भावाने कधीच गिळली, पण अंक जातच राहिले. तिथे फसला तो संपादक.)

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी माझी पहिली अनुज्ञा मागे घेतली नाही, पण तिला अटी जोडल्या. शंभर रुपये घ्या. पण दर महिन्याला काही नवे द्या आणि मुलांच्या शंकांना स्वतः उत्तरे लिहा, म्हणजे श्रम चालू राहतील. सभासद वाढून खर्च व तुमची मेहनत भरून निघाली, की वर्गणी उतरवा. सोडून जाण्याची कळ पहिल्याच पानावर ठेवा. आणि ज्याला परवडत नाही त्याला कारण न विचारता आत घ्या. शेवटच्या मुद्द्यावर मुलगा म्हणाला, "फादर, मग कुणी पैसे देणारच नाही." त्याची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ओटीवरसुद्धा मी कुणाला विचारत नसे. तरी नाताळात कुणाकडून केळी येत, कुणाकडून मासळी."

संकेतस्थळ सुरू होऊन आता चार महिने झाले. एकसष्ट सभासद आहेत, त्यांतील चौदा विनामूल्य. मुलाला ही संख्या कमी वाटते. ओटीवरची मुले अजूनही येतात. आतापर्यंत तिघांनी सोडले, आणि त्या तिघांना बाईंनी एकेक पत्र पाठविले, कुठे अडले ते विचारण्यासाठी. एकाचे उत्तर आले आहे.